थोरलीची खूण

९ जानेवारी

प्रिय भाऊजी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून कोणाला काही झालं का असं वाटलं असेल, म्हणून आधीच सांगून टाकते, सगळे धडधाकट आहेत. तुमच्या दादांचा गुडघा कुरकुरतो, माझ्या चष्म्याचा नंबर वाढलाय आणि मागच्या दारचा नळ तुम्ही गेलात तेव्हा गळत होता तो अजून गळतोच आहे. बाकी ठीक.

पत्ता पंपवाल्याने दिला. तुमच्या खाणीवर जनरेटरचा डिझेल-पंप दुरुस्त करायला तो आला होता, तुम्ही त्याला दोनदा चहा पाजलात, आणि त्याने दादांचं नाव काढताच तुम्ही हवापाण्याच्या गोष्टी सुरू केल्यात, हे सगळं त्याने मला हातवारे करून सांगितलं. तुम्हाला मुलगी झाली आणि ती आता शाळेत जायला लागली, हेही त्याच्याचकडून कळलं. हे मला पंपवाल्याकडून कळावं का, भाऊजी? मी लग्न होऊन आले तेव्हा तुम्ही शर्टाची बटणं वरखाली लावून शाळेत जात होतात. ती नीट कोणी लावली, ते तरी आठवायचं. असो. रागावले होते, आता नाही. तिचं नाव कळवा.

पत्राचं कारण साधंच आहे. गॅरेजची जागा सोडायची आहे. मालक गेला, त्याच्या मुलांना तिथे इमारत बांधायची आहे, आणि एप्रिल उजाडायच्या आत सगळं आवरायला सांगितलंय. आवरताना तुमचं पान्यांचं खोकं सापडलं, तेच, झाकणावर रंगाचा ओघळ असलेलं. ते पाठवून देऊ की कोणाबरोबर धाडू, एवढंच विचारायचं होतं.

मामंजींची गाडी, आपली थोरली, मागच्या शेडमध्ये आहे तशीच आहे. तिला कोणी हात लावलेला नाही.

हे पत्र दादांच्या नकळत लिहिते आहे, तेव्हा उत्तर घरच्या पत्त्यावर नको. पंपवाल्याच्या दुकानावर टाका.

तुमची वहिनी

२८ जानेवारी

प्रिय भाऊजी,

उत्तर नाही. कदाचित पंपवाल्याने आकडा चुकीचा लिहिला असेल आणि माझं पत्र भलत्याच कोणाच्या घरी पान्यांच्या खोक्याची चौकशी करत बसलं असेल. तसं असेल तर त्या भल्या माणसाने हेही वाचावं, माझी हरकत नाही.

मागच्या पत्रात मी एक थाप मारली. थोरली आहे तशी नाही.

मागच्या उन्हाळ्यात तुमच्या दादांनी एके सकाळी शेडचं दार उघडलं आणि आत जाऊन नुसते उभे राहिले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "उंदरांनी सीट खाल्ली." दुसऱ्या दिवशी सीट उतरवली. मग सीटखालचा पत्रा गंजलेला दिसला म्हणून तो कापला. मग केबिनच उचलून बाजूला ठेवली. मला म्हणत होते, भंगारात द्यायची तर जरा सुटी केलेली बरी. भंगारात द्यायच्या गाडीचे स्प्रिंगचे पाटे कोणी एकेक काढून, घासून, मधे ग्रीस भरून परत बांधतं का? चेसिसला दोन हात रंग दिला. त्यावर माझ्या जुन्या साडीचा बोळा फिरवून धूळ पुसली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर थांबले असते.

तुम्ही खोललेलं इंजिन फळीवर जसंच्या तसं होतं. एकेका डब्यात एकेका जागेचे बोल्ट, प्रत्येक डब्याला तारेने बांधलेली चकती, चकतीवर तुमचं बारीक अक्षर. हे डबे उघडून बघत होते आणि मधूनच हुं करत होते. शेवटी म्हणाले, "काम मात्र नीट केलंय गाढवाने." सहा वर्षांत तुमच्याबद्दल घरात निघालेलं हे पहिलं वाक्य, म्हणून जसं होतं तसं लिहिलं.

आणि ते दुसरं इंजिन, ज्याच्यावरून सगळं झालं, ते मागेच विकलं. तुम्ही गेलात त्याच वर्षी. मला सांगताना म्हणाले, त्याचे पाय थोरलीच्या चेसिसला जुळत नव्हते. मी इतकी वर्षं तुम्हा दोघांचं बोलणं ऐकत आले आहे. पाय जुळत नसतील तर पाय बदलतात, एवढं मलाही कळतं.

त्या दिवशी मी दारातच होते. तुम्ही म्हणत होतात, बाबांच्या गाडीत बाबांचंच इंजिन राहील, आणि हे म्हणत होते, नवं बसवलं तर गाडी धंद्याला लागेल. इथवर ठीक होतं. भावाभावांत होतंच. मग हे म्हणाले, "बाबांचं तुला काय माहीत? तू तेव्हा एवढासा होतास." तुमचा चेहरा मी पाहिला. तुम्ही पाना खाली ठेवलात, हात पुसलेत आणि गेलात. मला वाटलं, संध्याकाळी जेवायला याल.

आता खरं काय ते ऐका. जागा सोडायची म्हणून ह्यांनी स्वतःशीच एक अट घातली आहे. थोरली स्वतःच्या इंजिनावर फाटकाबाहेर पडली तर आपली. ओढून न्यावी लागली तर ओढणारा भंगारवालाच असेल. मी म्हटलं, अहो, पंपवाल्याच्या गाडीने ओढून नेऊ, ठेवू कुठेतरी. तर म्हणाले, चालती गाडी कुठेही उभी राहते, बंद गाडीला कोणी दारात उभं करत नाही. तुम्ही दोघे एकाच मातीचे. एकदा म्हटलं की म्हटलं.

मामंजींना मी फोटोतच पाहिलं. पण ते ह्या ट्रकला थोरली म्हणायचे, घरातलं पहिलं अपत्य म्हणून, आणि तुमचे दादा अजून "मी दुसरा" म्हणतात, हे पाहून माणूस कसा असेल ते कळतं. ते वळणावर दोन छोटे हॉर्न द्यायचे आणि तुम्ही दोघे फाटक उघडायला पळत सुटायचात, ही गोष्ट मी दोघांच्या तोंडून वेगवेगळी ऐकली आहे. दोन्ही गोष्टींत सांगणाराच पहिला पोचतो.

ती गाडी भंगारात गेली तर ह्यांच्या हाताला पुन्हा पाना लागणार नाही, असं मला वाटतं. आणि तुम्हीही मग ह्या घराकडे वळून बघणार नाही. दोन्हीची मला भीती वाटते. कारण हेच होतं. खोकं नुसतं निमित्त.

वहिनी

१६ फेब्रुवारी

प्रिय भाऊजी,

इंजिन बसलं! रंग दिलेलं, पुसलेलं, तेल भरलेलं. बॉनेट उघडलं की बघत राहावं असं. शेजारचा वेल्डर मुद्दाम चपला काढून आत आला आणि मग स्वतःच हसला.

काल सेल्फ मारला. हे केबिनमध्ये, मी सायलेन्सरपाशी, कारण मला सांगितलं होतं, धुराचा रंग बघ. इंजिन छान फिरलं. मग सायलेन्सरमधून पांढरा धूर आला, ओल्या लाकडाचा येतो तसा, आणि डिझेलचा वास. पेट काही घेतला नाही. एअर काढली, पुन्हा मारला. पुन्हा तेच. पांढरा धूर, फुसफुस, आणि एकदा सायलेन्सरमधून ढेकर दिल्यासारखा आवाज. बॅटरी दमेपर्यंत हेच चाललं.

हे खाली उतरले. मी म्हटलं, "पांढरा." म्हणाले, "दिसतंय मला." मग चहा न घेताच हेड उतरवायला बसले.

एक गंमत सांगते. आज दुपारी हे गाडीखाली होते आणि मी डबा घेऊन उभी होते. गाडीखालून आवाज आला, कोणाला उद्देशून होता देव जाणे. "कोणी कोणाला पत्रं लिहीत असेल, तर लिहावं म्हणावं, नोझल सगळे तपासून घेतलेत." मग पुन्हा, "आणि लिहावं की लायनर जुनेच आहेत. बाबांचे. फक्त हलका हात मारलाय."

तर नोझल तपासून घेतलेत आणि लायनर जुनेच आहेत. हलका हात मारलाय.

पत्रं लपवायला मी शिवणाच्या डब्याच्या तळाशी ठेवत होते. आता बघते तर तिकिटांचं एक नवं पाकीट कोणीतरी त्याच डब्यात आणून ठेवलंय. आपल्या घरात बोलायची ही पद्धत कोणी पाडली, भाऊजी? तुमच्या आईंनी पाडली असेल तर त्या असत्या तर भांडले असते.

वहिनी

३ मार्च

प्रिय भाऊजी,

हेड दोनदा उतरवून झालं. व्हॉल्व्ह घासले. नवं गॅस्केट टाकलं. डिझेलची टाकी उतरवून धुतली, डिझेल बदललं, पाइप बदलले. नोझल पुन्हा तपासून आणले. तुमचे दादा रात्री झोपेत कूस बदलतात ती सुद्धा आता गुडघा सांभाळून नाही, रागाने बदलतात. आणि धूर पांढराच.

भंगारवाला येऊन गेला. बोलावलं नव्हतं, पण अशा माणसांना वास येतो. गाडीला एक फेरी मारली, टायरला लाथ मारून बघितली. ह्यांनी त्याला नीट खुर्ची दिली, पण चहा विचारला नाही. आमच्या घरात याहून मोठा अपमान नाही, हे त्या बिचाऱ्याला कुठून कळणार.

मग काल पंपवाल्याला मीच बोलावलं. त्याने पंप उतरवून दुकानात नेला, तपासला, परत आणून बसवून दिला आणि सांगितलं, पंप सोन्यासारखा आहे. पुन्हा सेल्फ मारला, पुन्हा तेच. तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "दादा, हा पंप उलट्या वेळेला डिझेल मारतोय. कपलिंग सोडा, पंप अर्धा फेरा फिरवा आणि पुन्हा जोडा. दहा मिनिटांचं काम आहे."

हे म्हणाले, "कपलिंगवर खूण आहे."

"मग खूण चुकली असेल."

"ती खूण माझ्या भावाने मारलीय."

"अहो, माणूसच आहे तो पण. तुमचं तर बोलणंही नाही त्याच्याशी."

"बोलणं नाही तो वेगळा भाग," हे म्हणाले. "त्याची खूण चुकत नाही. सगळं इंजिन पुन्हा खोलेन, पण त्या खुणेला मी हात लावणार नाही."

पंपवाला माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? मला त्या खुणेतलं एवढंच कळतं की पंप इंजिनाला जिथे जोडतात त्या कपलिंगवर तुम्ही छिन्नीने एक रेघ मारली आहे आणि शेजारी पंचचं एक टिंब. टिंब एक म्हणजे सिलिंडर पहिला. पहिला दाबावर आला की रेघेसमोर रेघ यायला हवी. हे रोज टॉर्च लावून बघतात. रेडिएटरजवळचा पहिला सिलिंडर दाबावर आणतात आणि बघतात, रेघेसमोर रेघ. येते. मग म्हणतात, बघ, आली की नाही? आणि गाडी चालू होत नाही.

भाऊजी, सहा वर्षं हा माणूस तुमचं नाव घेत नाही. पण त्याच्या बुद्धीला, त्याच्या कानाला, पंपवाल्याच्या सगळ्या यंत्रांना जे पटतंय, ते तुमच्या एका टिंबापुढे तो मानायला तयार नाही. मला आधी हसू आलं. मग मी मागे जाऊन नळाखाली उगीच हात धूत बसले. मला रडू येत होतं, ते त्या दोघांना दिसायला नको होतं.

ह्या माणसाला एवढा हट्टी कोणी केला ते मला माहीत नाही. पण तुमच्यावर त्याचा एवढा विश्वास आहे हे तुम्हाला माहीत नसेल, आणि ते तुम्हाला कोणीतरी सांगायला हवं होतं, म्हणून आज लिहिलं. नाव घेऊन हाक मारायला त्याची जीभ वळत नाही, एवढंच.

जागा सोडायला महिना उरला नाही. ती खूण बरोबर आहे का? एवढंच कळवा. चुकली असेल तर तसं लिहा, मी त्यांना अशा रीतीने सांगेन की तुमचा कमीपणा होणार नाही. बरोबर असेल तर मग आम्ही काय करायचं ते सांगा.

वहिनी

१९ मार्च

भाऊजी,

मी इतकी पानं लिहिली, आणि तुम्ही एक ओळ. तीही कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे. ना प्रिय, ना कोणाची, ना मुलीचं नाव! पंपवाल्याने ते पान दुकानातून पळत आणून दिलं आणि मी वाचेपर्यंत दम लागल्याचं नाटक करत तिथेच उभा राहिला.

"वहिनी, दादाला विचार, बाबा कुठून मोजायचे."

मला काहीच कळलं नाही. खरं सांगते, मी चिडले. म्हटलं, इथे गाडी भंगारात चाललीय आणि हे कोडी घालतायत. तरी शेडमध्ये गेले. हे गाडीखाली होते, पाय तेवढे बाहेर. मी म्हटलं, "पत्र आलंय." पान्याचा आवाज थांबला. आणि सरळ वाचून दाखवलं.

गाडीखाली पाना खणकन पडला. मला वाटलं, डोक्याला काही लागलं की काय. मग हे बाहेर आले, पाठीला माती तशीच, कोणाकडे न बघता केबिनचं दार उघडून वर चढले आणि मामंजींच्या जागी बसले. बॉनेट उघडंच होतं. पुढच्या काचेतून त्यांनी बोट केलं, अगदी पायाजवळच्या, केबिनला लागून असलेल्या सिलिंडरकडे. म्हणाले, "एक." मग बोट पुढे पुढे रेडिएटरकडे नेत गेले. दोन, तीन, चार, पाच, सहा.

आणि हसायला लागले. इतके हसले की खोकला आला. आणि मग तिथेच स्टेअरिंगवर डोकं ठेवून रडले, भाऊजी. मी आणि पंपवाला दोघे खाली उभे. पंपवाल्याने टोपी काढली, आणि मग ती का काढली ते न कळून परत घातली.

खाली उतरल्यावर त्यांनी सांगितलं ते तुम्हाला माहीतच आहे, पण मला पहिल्यांदा कळलं, म्हणून लिहिते. सगळी दुनिया सिलिंडर रेडिएटरकडून मोजते. मामंजी मेकॅनिक नव्हते, ड्रायव्हर होते. त्यांच्यासाठी पहिला म्हणजे त्यांच्या पायाशी धडधडणारा. रस्त्यावरून आले की सांगायचे, चौथा लंगडतोय, आणि ह्यांचे उस्ताद ह्यांना म्हणायचे, "तुझा बाप चौथा म्हणतोय ना, मग तिसरा उघड." हे सांगताना ह्यांना उस्तादांचा आवाज सुद्धा काढता आला. इतकी वर्षं ही गोष्ट कुठे पडून होती कोण जाणे.

म्हणजे तुमची खूण बरोबर. फक्त ती थोरलीची खूण होती, मामंजींच्या सीटवरून मारलेली. दुसऱ्या कुठल्याही गाडीवर तुम्ही अशी मारली नसती, म्हणून ह्यांच्या ध्यानातच आलं नाही. पंपवाल्याने मला समजावलं की पहिला आणि सहावा बरोबरच वर येतात, पण एक येतो हवा दाबायला आणि दुसरा येतो धूर बाहेर ढकलायला. आम्ही महिनाभर ज्याला डिझेल पाजत होतो, त्याला त्या वेळी भूकच नव्हती.

कपलिंग सोडलं. केबिनकडचा सिलिंडर दाबावर आणला. पंप फिरवून रेघेसमोर रेघ आणली आणि बोल्ट कसले. पंपवाला पुटपुटला, "अर्धा फेराच फिरवला शेवटी." हे म्हणाले, "तू म्हणालास म्हणून नाही फिरवला."

मी सायलेन्सरपाशी. सेल्फ मारला. पांढरा धूर आला आणि मी म्हटलं, झालं, पुन्हा तेच. मग एक धक्का, मग दुसरा, मग धूर करडा झाला, एक सिलिंडर बोलला, दोन बोलले, आणि मग सगळे एकदम. पत्र्याच्या भिंती थरथरायला लागल्या. फळीवरचे तुमचे रिकामे डबे एकेक करून खाली पडत होते आणि कोणी उचलत नव्हतं. वेल्डर पळत आला. मी "पांढरा नाही! पांढरा नाही!" म्हणून ओरडत होते, जसं काही कोणाला ऐकू जाणार होतं.

ह्यांनी बराच वेळ बंदच केलं नाही. नुसते बसले होते, गिअरच्या दांड्यावर हात ठेवून. तो दांडा कसा थरथरतो ते तुम्हाला ठाऊक असणार.

संध्याकाळी हात धुताना म्हणाले, "केबिनमध्ये तो बसायचा. मी कायम खाली. मी बाबांना गाडीखालून ओळखायचो, त्याने त्यांना शेजारी बसून पाहिलं." मग बराच वेळ साबण लावत राहिले. म्हणाले, "मी त्याला नको ते बोललो."

मी म्हटलं, हे लिहू का? म्हणाले, नको.

मी लिहिलं. आमचं लग्न होऊन एवढी वर्षं झाली आहेत, त्यांचा नको म्हणजे काय ते मला कळतं.

वहिनी

२ एप्रिल, तुमच्याच रस्त्यावर

प्रिय भाऊजी,

हे पत्र टपालात टाकणार नाही. हातात देईन. खरं तर लिहायचीच गरज नव्हती, पण माझ्याकडे वेळ आहे. का आहे ते सांगते.

परवा गॅरेजची किल्ली मालकाच्या मुलांना दिली. थोरली फाटकातून स्वतःच्या इंजिनावर बाहेर पडली. वेल्डरने टाळ्या वाजवल्या आणि पंपवाल्याने मागे वळून बघितलं सुद्धा नाही, कारण त्याचे डोळे भरले होते आणि तो ते कोणाला दाखवत नाही. भंगारवाल्याची गाडी वाटेत दिसली तेव्हा ह्यांनी त्याला हॉर्न दिला. मी म्हटलं, कशाला? म्हणाले, ओळखीचा आहे.

मी विचारलं, आता गाडी कुठे? म्हणाले, जरा ट्रायल घेऊ. मी डबा बांधून घेतला. ट्रायल गावाबाहेर गेली. मग घाट आला. घाटात म्हणाले, चढाला कशी ओढते ते बघायलाच हवं. घाट संपला. मग म्हणाले, उताराला ब्रेक बघायला हवेत. रात्री एका पेट्रोलपंपाशेजारी थांबलो तेव्हा मी म्हटलं, अहो, हा रस्ता खाणीकडे जातो. म्हणाले, "असं का?" सीटखाली बघितलं तर तुमचं पान्यांचं खोकं, चादरीत गुंडाळून ठेवलेलं. ते काही मी ठेवलं नव्हतं.

मी तुमच्या जागेवर बसून आले, लहानपणी तुम्ही बसायचात त्या. तिथून बॉनेट पूर्ण दिसतं आणि ड्रायव्हरचा चेहरा अर्धा. वाटभर हे स्वतःशी काहीतरी घोकत होते. इंजिनच्या आवाजात मला कळत नव्हतं. ओठ हलायचे, मान डोलायची, पुन्हा पहिल्यापासून. एकदा फाटकावर रेल्वे जायची म्हणून थांबलो आणि ह्यांनी इंजिन बंद केलं, तेव्हा चटकन गप्प झाले. तेवढ्यात "खूण" एवढा एकच शब्द माझ्या कानावर पडला.

आता आम्ही तुमच्या फाटकासमोर उभे आहोत. कितीतरी वेळ झाला. तुमचं फाटक हिरवं आहे आणि एका बाजूने खाली झुकलंय, बिजागरीला तेल द्या. हे उतरले ते इंजिनचं तेल बघायला. तेल बघितलं, पट्टी पुसली, पुन्हा घातली, पुन्हा बघितलं. मग पाणी बघितलं. मग पुन्हा तेल. मी वरून म्हटलं, "अहो, तेल आहे तेवढंच आहे, आत चला." म्हणाले, "गरम आहे, बसू दे जरा." मग खिडकीपाशी येऊन हळूच म्हणाले, "तू पत्र लिहितेयस ना? त्यात एक ओळ माझी घाल." आणि मला ती ओळ सांगितली.

ती मी लिहिणार नाही, भाऊजी. बाकी सगळं लिहिलं, नको म्हणाले ते सुद्धा लिहिलं. पण ही ओळ त्यांनी दोन दिवस स्टेअरिंगमागे पाठ केली आहे, तेव्हा ती त्यांच्याच तोंडून ऐका. अडखळले तर मधे बोलू नका. थोडा वेळ द्या, थंड इंजिन आहे.

तुमची मुलगी बाहेर आली आहे. दुसरी कोण असणार, बटणं वरखाली लावलीत. फाटकाच्या आडव्या गजावर चढून लोंबकळते आहे आणि थोरलीकडे टक लावून बघते आहे. हे तिला बघून पट्टी हातात तशीच धरून उभे राहिले आहेत, तेल बुटावर ठिबकतंय.

आत्ता तिने विचारलं, "ही गाडी कोणाची?"

मला वाटलं, ह्यांच्या तोंडून आता काही निघणार नाही. पण निघालं. म्हणाले, "तुझ्या आजोबांची."

ती तुम्हाला सांगायला आत पळाली आहे. मी आता पेन ठेवते आणि दोन छोटे हॉर्न देते. तुमच्याशी शर्यत लावणारा इथे बाहेर उभा आहे, तेव्हा आज फाटकाशी पहिले तुम्हीच पोचाल. तरी पळतच या.

वहिनी